मिठाचं पाणी

श्यामसुंदर खांबेटे निवृत्त झाले तेव्हा हेमाताईंना वाटलं होतं, आता माणूस जरा स्वस्थ बसेल. कसलं काय! खडकीच्या कारखान्यात सगळी नोकरी ज्यांनी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्यात घालवली, त्यांना घरी चुका काढायला एकच माणूस उरलं होतं. कुकरची शिट्टी एक जास्त झाली, पेपरची घडी उलटी पडली, दार जरा जोरात लागलं. "कॉमन सेन्स नावाची एक वस्तू असते, हेमा. बाजारात मिळत नाही, नाहीतर तुझ्यासाठी पावशेर आणला असता." हे रोजचं. आवाज नेहमी चढायचा असं नाही; पण चढला की खालच्या मजल्यावरचा टीव्ही बंद व्हायचा. लोकांना नीट ऐकू यावं म्हणून.

मग कुठल्याशा शिबिरातून ते होमिओपॅथीचं जाडजूड पुस्तक घेऊन आले, आणि हेमाताईंना लग्नानंतर पहिल्यांदा थोडी उसंत मिळाली. बाहेरच्या खोलीत लाकडी पेटी आली. पेटीत छोट्या छोट्या बाटल्या, बाटल्यांवर त्यांच्या ठसठशीत अक्षरातली लेबलं. बाजारातून साखरेच्या साध्या गोळ्यांचं पाकीट आणायचं, बाटलीत भरायच्या, वर औषधाचे थेंब टाकून बाटली तळहातावर आपटायची, की झालं औषध. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीतली निम्मी माणसं संध्याकाळी येऊन बसायला लागली. खांबेटे पैसे घेत नसत. फुकट असल्यामुळे गुण लवकर यायचा. येणारा प्रत्येक जण "काका, काय जादू आहे हो तुमच्या हातात" असं म्हणून जायचा, आणि त्या दिवशी आमटी पातळ झाली तरी हेमाताईंना कुणी काही बोलायचं नाही. त्या गोळ्यांचे उपकारच होते म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात तर खांबेट्यांनी सोसायटीच्या हॉलमध्ये व्याख्यान दिलं. विषय होता, 'घरातली विषं'. सेक्रेटरी गोपाळकृष्ण आगाशे यांनी नारळ आणि गुलाबाचं फूल देऊन सत्कार केला. खांबेटे तासभर बोलले. फिनेल वरच्या फळीवर ठेवा, उंदराचं औषध कुलपात ठेवा, पाण्याच्या बाटलीत ॲसिड भरून ठेवणारे लोक म्हणजे सुशिक्षित खुनी. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी विचारलं, "आणि काका, तुमच्या गोळ्या?" खांबेटे हसले. "आमच्या गोळ्यांना साइड इफेक्ट नसतो, हीच तर गंमत आहे." पुन्हा टाळ्या.

घरी आल्यावर त्यांनी फिनेल, ब्लीच, डासांचं औषध सगळं एका कपाटात कोंडून कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. तेव्हापासून फरशी पुसायची झाली की हेमाताईंना आधी अर्ज करावा लागायचा. गोळ्यांची पेटी मात्र दिवाणाशेजारच्या बुटक्या स्टुलावरच राहिली, कारण खांबेट्यांची पाठ धरायची आणि त्यांना वाकायला नको, उठायला नको.

त्या स्टुलाच्या बरोबर उंचीची त्या घरात एक व्यक्ती होती. स्पृहा, त्यांची नात. तीन पूर्ण होऊन थोडे महिने झालेले. मुलगा आमोद आणि सून स्वराली वारज्याला राहायचे, दोघंही आयटीत. सकाळी ऑफिसला जाताना तिला आजीआजोबांकडे सोडायचे. शिंक आली की आबा तिला समोर उभं करायचे. "डोळे मीट. जीभ बाहेर. ही घ्या चार गोड गोळ्या!" पोरगी शिंका आणायला शिकली होती, त्या गोळ्यांसाठी. नाकात बोट घालून घालून शिंकायची, आणि आबा कौतुकाने हसायचे.

आता जी गोष्ट हेमाताईंनी जिवंत माणसाला सांगितली नव्हती ती सांगायला हवी. दसऱ्याच्या आधी घर आवरताना त्यांचा हात लागून पेटीतली एक बाटली पडली. आर्सेनिकची. पेटीतल्या सगळ्यांत मानाची बाटली ती. सोमलापासून केलेलं औषध, हजारची पोटन्सी, खांबेटे ती हातात धरताना आवाजसुद्धा खाली आणायचे. ओल्या फरशीवर गोळ्यांचा क्षणात पाक झाला. खांबेटे तेव्हा बँकेत गेले होते. किती दिवस ऐकावं लागणार याचा हिशेबच नव्हता. त्यांनी फरशी पुसली, बाटली नळाखाली विसळली, वाळवली, आणि पाकिटातल्या साध्या गोळ्या तीत गळ्यापर्यंत भरून ठेवल्या. थेंब नाही, काही नाही. निव्वळ साखर.

आणि काय सांगावं, पुढच्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या आनंदीबाईंचा जुना खोकला त्या बाटलीने पळाला! "हजारची पोटन्सी आहे आनंदीबाई, थट्टा नाही," खांबेटे म्हणाले. हेमाताई आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसल्या, इतक्या की डोळ्यांत पाणी आलं. पुढे चार महिने ते गुपित त्यांनी जिवापाड जपलं. नवरा काही लागट बोलला की त्या मनात म्हणायच्या, बोला, बोला, तुमच्या हजारच्या पोटन्सीत काय आहे ते मला ठाऊक आहे. एवढा एकच दागिना त्यांनी स्वतःचा स्वतः केलेला होता.

फेब्रुवारीतली सकाळ. हेमाताई आत कणीक मळत होत्या, खांबेटे आंघोळीला गेले होते. बाहेर स्पृहा बाहुलीशी बोलत होती. मग बोलणं थांबलं. मूल गप्प झालं की बघावं, हे हेमाताईंना कळत होतं, पण हात कणकेत होते. आंघोळ आटपून खांबेटे पंचा गुंडाळून बाहेर गेले आणि त्यांचा आवाज आला.

"हेमा!"

हेमाताई तशाच कणकेच्या हातांनी धावल्या. स्पृहा फतकल मारून बसली होती. ओठांना पांढरी साखर, हातात उपडी बाटली, शेजारी बाहुली. "बाळाला शिंक आली," तिने सांगितलं. "मी पण खाल्ल्या. सगळ्या संपल्या."

खांबेट्यांनी बाटली हिसकावली, लेबल वाचलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "आर्सेनिक. अगं सोमल आहे हा! हजारचा! आख्खी बाटली!"

हेमाताईंनी लेबल पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. हात्तिच्या! तीच बाटली. दुसरी कुठली असती तर त्याही घाबरल्या असत्या. पण तीत साखर, नुसती साखर; फार तर पोरीचं पोट बिघडेल. त्यांना चक्क हसू येत होतं.

"अहो, ऐका ना," त्या म्हणाल्या, "ती बाटली..."

"तू एक अक्षर बोलू नकोस! इथे पोर विष खाते आणि तू आत काय करत होतीस? पोळ्या? पोळ्याच कर तू जन्मभर!"

झालं. ते वाक्य जिभेवर आलं होतं, ते परत घशात गेलं. हेमाताईंनी विचार केला, आता नको. आता सांगितलं तर हे थैमान घालतील. माझ्या औषधात भेसळ केलीस, चार महिने मला लोकांपुढे माकड केलंस, हे मरेपर्यंत ऐकावं लागेल. आणि सांगायची गरज तरी काय? पोरीला काही झालेलंच नाही. घटकाभर घाबरतील, मग आपोआप निवळतील. माणूस वाईट हेतूने गप्प बसतो असं थोडंच आहे? हेमाताई तर खात्रीने गप्प बसल्या.

"डॉक्टरांकडे न्यायचं का?" त्यांनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"कशाला? नाकातून नळ्या घालायला? आणि उद्या सगळ्या सोसायटीत बोभाटा, खांबेट्यांच्या गोळ्यांनी खांबेट्यांची नात..." त्यांचे हात थरथरत होते, हे हेमाताईंना दिसलं. नातीवर जीव होता हो त्यांचा, नव्हता असं कोण म्हणेल. पण त्या थरथरण्यात नातीची भीती किती आणि आगाशे काय म्हणतील याची किती, हे देवाला माहीत.

"उलटी काढायची," खांबेटे म्हणाले. "मिठाचं पाणी. आमच्या आईने किती जणांचं विष उतरवलंय असं."

ते स्वयंपाकघरात गेले. चमचा शोधत बसायला वेळ नव्हता. त्यांनी बरणीत हात घातला आणि मूठ भरून मीठ ग्लासात टाकलं, वर कोमट पाणी. हेमाताई बघत होत्या. मिठाच्या पाण्याने कुणाचं काही बिघडतं असं त्यांच्या मनातही आलं नाही. मीठ ते. घरात रोज लागणारं.

स्पृहाने एक घोट घेतला आणि फुर्रकन थुंकला. "खारट!"

"हात धर तिचे," खांबेटे म्हणाले.

हेमाताईंनी तिला मांडीवर घेतलं आणि दोन्ही हात धरले. कणीक अजून बोटांना होती, ती पोरीच्या मनगटांना चिकटली. आबांनी नाक दाबलं, तोंड उघडलं की ग्लास लावला. गटागट, गटागट. पोरगी गुदमरत होती, पाय झाडत होती. "आजी, नको ना. आजी, सांग ना आबांना." आजीने सांगितलं नाही. आजी म्हणाली, "पी हं राजा, झालंच."

उलटी झाली नाही.

"बघ! होत नाहीये उलटी. भिनतंय अंगात," खांबेटे म्हणाले आणि दुसरा ग्लास करायला वळले.

आता मात्र हेमाताईंना राहवेना. "अहो, पुरे करा. साध्या तर गोळ्या आहेत त्या."

खांबेटे गर्रकन वळले. हातात मीठ, अंगावर पंचा, कपाळावरच्या शिरा फुगलेल्या. "साध्या? या साध्या गोळ्यांसाठी लोक रांग लावतात माझ्या दारात! तुला चार भिंतींत बसून अक्कल आली का मला शिकवायची? साध्या म्हणे!"

'मी भरल्यात त्या.' तीन शब्दांचं वाक्य होतं. तेवढं बोलल्या असत्या तर तो ग्लास मोरीत गेला असता. हेमाताईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पोरीचे हात पुन्हा धरले.

दुसऱ्या ग्लासानंतर थोडी उलटी झाली. थोडीच. "पोट पार धुऊन निघालं पाहिजे," म्हणून तिसरा झाला. तोही मुठीनेच. मग खांबेटे घामाघूम होऊन दिवाणावर बसले, पोरगी आजीच्या खांद्यावर हुंदके देत पडली, आणि हेमाताईंना वाटलं, सुटलो.

थोड्या वेळाने स्पृहा पाणी मागायला लागली. नुसतं मागणं नाही. "पाणी, आजी, पाणी, पाणी," एकच धोशा. जीभ कोरडी, डोळे विचित्र चमकणारे. हेमाताई तांब्या घेऊन आल्या तर खांबेट्यांनी तो हातातून काढून घेतला. "पाणी दिलंस की उरलंसुरलं विष रक्तात जाईल. अजिबात नाही." त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं होतं, चष्मा लावला होता. बोट एकेका ओळीवरून फिरत होतं. "भयंकर तहान. बरोबर. अस्वस्थता. बरोबर. एका जागी ठरत नाही. बरोबर." आवाजात काळजी होती, खोटं कशाला बोला, पण एकेक लक्षण जुळत होतं तसतसा त्यांच्या पाठीचा कणा ताठ होत होता. "बघितलंस? अगदी सोमलाचं चित्र आहे. साध्या गोळ्या म्हणत होतीस."

हेमाताई चक्रावल्या. साखर खाऊन असं कसं होईल? त्यांनी पोरीला आत नेलं, दाराआड पदर पाण्यात बुडवून तिच्या ओठांत पिळला. पोरीने पदरच चावला, सोडेना. बाटली आपण नुसती विसळली होती. घासली नव्हती. तळाला एखादा थेंब राहिला असेल का? हजारची पोटन्सी, एका थेंबाची एवढी ताकद असते का? इतक्या वर्षांत पहिल्यांदा हेमाताईंचा नवऱ्याच्या औषधावर विश्वास बसला. आणि विश्वास बसल्यावर सांगण्यासारखं काही उरलंच नाही. विष ते विष, कुणी का भरेना.

पोरगी किरकिरत होती, मग तिचं रडणं बारीक आणि चिरकं झालं, मग ती गळून झोपली. "उतार पडतोय," खांबेटे म्हणाले. हेमाताईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. तेवढ्यात तिचा डावा हात फडफडला. एकदा, दोनदा. मग सगळं अंग ताठ झालं, डोळे वर गेले आणि दातांमधून फेस आला.

आगाशांच्या गाडीतून तिला नेलं. कर्वे रस्त्याजवळच्या हॉस्पिटलात. गाडीत खांबेटे आगाशांना सांगत होते, "आकडी आहे साधी, तापाची." पोरीच्या अंगात ताप नव्हता.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीण होती. दीपाली साळवे. तिने हात चालवता चालवता विचारलं, "काय खाल्लं हिने?"

खांबेट्यांनी तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. आडनावाशी नजर जराशी थांबली. "सीनिअर कोणी नाहीत का?"

"सीनिअर येतायत. तोवर मी आहे. काय खाल्लं?"

मग खांबेट्यांनी सांगितलं. सोमल, आर्सेनिक, हजारची पोटन्सी, लक्षणं कशी ओळीने जुळत गेली. बाई ऐकून घेत होत्या आणि सुई टोचत होत्या.

"होमिओपॅथीच्या साखरेच्या गोळ्या. बरं. घरी काही दिलंत का? उलटीसाठी वगैरे?"

"प्रथमोपचार केला," खांबेटे म्हणाले. "मिठाचं पाणी. थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"अर्धा चमचा असेल."

हेमाताईंनी ते ऐकलं. त्या नवऱ्याच्या मागेच उभ्या होत्या, पोरीची चप्पल हातात घेऊन. अर्धा चमचा. त्यांना वाटलं, आता इथे परक्या बाईंसमोर त्यांना खोटं कुठे पाडायचं? आणि मिठाचं काय एवढं. विष उतरवायचं सोडून या बाई मिठाचं काय विचारत बसल्यात.

पोरीला आत नेलं. आमोद आणि स्वराली आले, ऑफिसचे पट्टे गळ्यातच. स्वराली काचेला कपाळ लावून उभी राहिली. आतमध्ये स्पृहाला पुन्हा आकडी आली होती. रक्त तपासायला गेलं होतं, आणि ते येईपर्यंत खांबेट्यांनी मुलाला दोनदा सांगितलं की स्टुलावर पेटी ठेवायला नको होती, पण तुझ्या आईचं लक्ष कुठे असतं.

दीपालीबाई बाहेर आल्या त्या सरळ खांबेट्यांच्या समोर. "तिच्या रक्तातलं मीठ इतकं चढलंय की मी पहिल्यांदा रिपोर्ट चुकला असं समजले. अर्ध्या चमच्याने हे होत नाही. मला खरं सांगा. हे सगळं आजच गेलंय का दोनतीन दिवसांचं आहे? आजचं असेल तर मला भराभर उतरवावं लागेल. जुनं असेल आणि मी घाई केली तर मेंदूला सूज येईल. मघापासून मी तुमच्या अर्ध्या चमच्यावर विसंबून सावकाश चाललेय."

"मी सांगतोय ते आर्सेनिकचं बघा!" खांबेट्यांचा आवाज चढला. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "मूळ विष सोडून मीठ काय घेऊन बसलात? तुमचे सीनिअर..."

"मूठभर," हेमाताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"तीन ग्लास. प्रत्येकात मूठभर. आज सकाळीच. पाणी मागत होती, आम्ही दिलं नाही."

बाई धावतच आत गेल्या. स्वराली काचेपासून वळली आणि सासूकडे नुसती बघत राहिली. खांबेटे बाकावर बसले. हेमाताईंच्या हातातली चप्पल अजून तिथेच होती, खेकड्याच्या चित्राची, स्पृहाने हट्टाने घेतलेली.

सीनिअर आले. आणखी दोघं आले. काचेच्या आत गर्दी वाढली, मग गर्दी कमी झाली. कमी झाली तेव्हा हेमाताईंना कळलं. स्वरालीला कळायला थोडा वेळ लागला. दीपालीबाईंनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, "पण आता ती उठेल कधी?"

बाईंचा आवाज बसला होता. "तिने जे खाल्लं त्याने तिला काही झालं नसतं," त्या आमोदला म्हणाल्या. "बाटली घेऊन तसंच इकडे आणायचं होतं. घरी काही पाजायचं नाही, उलटी काढायची नाही. बस्." मग त्यांनी खांबेट्यांकडे एकदा पाहिलं आणि आत निघून गेल्या.

"त्यांना काय कळतंय," खांबेटे म्हणाले. ते रडत होते. नाकातोंडातून पाणी वाहत होतं आणि त्यातूनच बोलत होते. "मिठाने मेलंय का कधी कुणी? औषध होतं ते. माझं औषध. हजारची पोटन्सी, आख्खी बाटली, मोठा माणूससुद्धा टिकला नसता. मीच केलेलं औषध, आमोद, माझ्या हातचं..."

आणि त्या रडण्यात, त्या तसल्या रडण्यातसुद्धा, हेमाताईंना तो नेहमीचा सूर ऐकू आला. आनंदीबाईंशी बोलतानाचा. त्यांच्या डोक्यात सणक गेली. जन्मात गेली नव्हती अशी.

"काही नव्हतं त्या बाटलीत!" त्या ओरडल्या. आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं. "साखर होती, साखर! तुमचं औषध दसऱ्यालाच सांडलं. साध्या गोळ्या भरून ठेवल्या मी, थेंबसुद्धा न घालता. चार महिने तुम्ही लोकांना साखर वाटताय. पोरीने साखर खाल्ली आणि तुम्ही तिला मीठ घालून मारलंत!"

खांबेट्यांचं तोंड उघडं राहिलं. ते बायकोकडे बघत राहिले, ओठ हलत राहिले. मग हळूहळू, हेमाताईंच्या डोळ्यांदेखत, त्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"म्हणजे तुला माहीत होतं," ते म्हणाले.

ते उठून उभे राहिले, मुलाचा दंड धरला. "ऐकलंस आमोद? हिला माहीत होतं. मला विष वाटलं, मी विष उतरवायला गेलो. कोणीही गेला असता. पण हिला माहीत होतं! आणि हात कुणी धरले पोरीचे? विचार हिला. हिनेच धरले."

आमोदने आईकडे पाहिलं. वडिलांना त्याने हळूच बाकावर बसवलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

स्वराली पुढे आली. ती रडत नव्हती. सासूच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, कानात काही सांगायचं असल्यासारखी. "आई, ते खरं आहे का? पाजताना तुम्हाला माहीत होतं? काही झालेलं नाही तिला, हे?"

"हो."

"आणि ती नको म्हणत होती?"

"हो."

"मग बोलला का नाहीत तुम्ही?"

हेमाताईंनी खरंच आठवून पाहिलं. काहीतरी मोठं कारण असायला हवं होतं. सुनेला सांगता येईल असं, स्वतःला सांगता येईल असं. त्यांनी शोधलं, पुन्हा शोधलं. समोर सून वाट बघत उभी होती आणि उत्तर द्यायलाच हवं होतं.

"हे ओरडले असते," त्या म्हणाल्या.

स्वरालीला ते पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं.

"एवढंच?"

"एवढंच."

स्वरालीने त्यांच्या हातातून चप्पल काढून घेतली आणि काचेचं दार ढकलून आत गेली.